मूळ शर्ट माळ्यावर

आमच्या मामीला एखादी गोष्ट येत नाही, हे आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. म्हणजे न येणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. पण 'येत नाही' आणि 'अजून केलेली नाही' यांत मामी फरक करते, आणि तो इतक्या ठाम आवाजात करते की विचारणाऱ्यालाच वाटतं, आपण उगाच तोंड उघडलं. लग्न होऊन ती शिंप्याच्या घरात आली तेव्हा तिला शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा लावता येत नव्हतं. सासूने विचारलं, "शिवणकाम येतं का गं?" मामी म्हणाली, "शिकवणारे बरे असतील तर येईल." सासू खूश झाली. सासरे चष्म्यावरून नुसते बघत राहिले. शिकवणारे तेच होते.

हे सासरे म्हणजे माझ्या आईचे वडील. पण त्यांना आजोबा म्हणायची पद्धत आमच्यात पडलीच नाही. ते मास्तर. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ते कटिंग मास्तर होते, आणि ही पदवी कारखान्यातून त्यांच्या मागोमाग घरी आली ती कायमची मुक्कामाला. गल्लीत मास्तर, घरात मास्तर. माझी आजीसुद्धा त्यांना मास्तरच म्हणायची. फक्त रागावली की 'अहो मास्तर' म्हणायची. एकटी मामी त्यांना 'बाबा' म्हणते, कारण मास्तर म्हटलं तर आपण विद्यार्थी ठरतो, असं तिचं म्हणणं.

मास्तरांची एक रीत होती. माप घेताना ते फक्त आकडे बोलत. समोरच्या माणसाभोवती टेप फिरवत, भिंतीकडे बघत म्हणत, "एकोणतीस, अडतीस, चौतीस, अठरा, चोवीस, पंधरा." लिहून घेणाऱ्याने समजून घ्यायचं की ही अनुक्रमे उंची, छाती, कंबर, खांदा, बाही आणि गळा. नावं घेणं त्यांना बायकी वाटायचं, असं मामा म्हणतो; मामी म्हणते, आळस. मास्तरांचं स्वतःचं उत्तर असं, "क्रम ठरलेला आहे ना? मग नावं कशाला? मी काय वर्गाची हजेरी घेतोय?"

ही रीत कारखान्यात राहिली असती तर प्रश्न नव्हता. पण घरातही तेच. पाहुणे आले की बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे आवाज जायचा, "दोन, एक, अर्धा!" म्हणजे दोन कप नेहमीसारखे, एक बिनसाखरेचा आणि मास्तरांना स्वतःला अर्धा. बाजारात जाणाऱ्या माणसाला दारातून आकडे ऐकवले जात आणि तो मुकाट्याने जाऊन बरोब्बर आणायचा. मास्तरांनी पूर्ण वाक्य उच्चारलं म्हणजे घरात काहीतरी गंभीर घडलंय, असं सगळे समजत.

शिवाय त्यांची टेप. ती इतकी वर्षं गळ्यात होती की तिचं पितळी टोक कधीच निघून गेलं होतं आणि टोकाबरोबर पहिला इंचही झिजून, फाटून नाहीसा झाला होता. टेप सुरूच व्हायची ती एकच्या आकड्यापासून. मास्तर त्या एकवर बोट धरत, माप घेत, मनात एक वजा करत आणि बिनचूक आकडा सांगत. नवी टेप आणली की म्हणत, "ही हाताला नवखी आहे." त्यामुळे त्या घरातली पोरंसोरं 'टेप एकपासून सुरू होते' हे ज्ञान घेऊनच मोठी झाली. माझी आई तर शाळेत पट्टीवर शून्य बघून बाईंना म्हणाली होती, "ही पट्टी नवी दिसतेय."

मामीचं या घरातलं पहिलं काम म्हणजे मामाचं माप लिहून घेणं. मास्तर बोलत होते, मामी लिहीत होती, आणि मामा नव्या नवरदेवासारखा छाती फुगवून उभा होता. त्या फुगलेल्या छातीकडे बघताना मामीचा एक आकडा सुटला. कंबर लिहायची राहिली. त्यामुळे पुढचे सगळे आकडे एकेक घर वर सरकले. कंबरेला खांदा आला, खांद्याला बाही आली, बाहीला गळा आला. मास्तरांनी कागद वाचला. कुणीही सांगेल की त्यांना पहिल्या नजरेत कळलं असणार. पण ते काही बोलले नाहीत. लिहिलं होतं तसं कापलं, कारखान्यात नेऊन शिवून आणलं आणि मामाला घालायला दिलं.

मामा सांगतो, "कंबर अठरा, खांदा चोवीस. मी तो डोक्यातून घातला आणि मध्येच अडकलो. आतून मला हिच्या हसण्याचा आवाज ऐकू आला. नव्या बायकोचं हसू पहिल्यांदा असं ऐकायला मिळालेला नवरा मी एकटाच."

मामी हसून झाल्यावर सासऱ्यांना म्हणाली होती, "बाबा, चूक माझी नाही. तुम्ही कंबर म्हणाला असतात तर मी कंबर लिहिली असती."

"क्रम पाठ कर," मास्तर म्हणाले.

तिने केला. तो शर्ट मात्र टाकला नाही. तो अजून कपाटात आहे आणि मामा त्याला 'आमचा लग्नातला फोटो' म्हणतो.

पुढे मामी कारखान्यातच लागली, शिलाईवर. यथावकाश मालकीणबाईंनी एक कॉम्प्युटर आणला. कापण्याआधीचे नमुने, म्हणजे कापडावर ठेवून ज्यांच्या कडेने खडू फिरवायचा ते पुठ्ठ्याचे साचे, आता त्यात उतरवायचे होते. मालकीणबाईंनी सगळ्यांना जमवून विचारलं, "हे कुणाला येतं?" सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मामीने हात वर केला.

"तुम्हाला येतं?"

"अजून केलेलं नाही."

झालं. त्या दिवसापासून मामी कॉम्प्युटरवाली.

मास्तरांचे साचे भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत. त्यांतला एक होता मूळ शर्ट. कुणी शाळा खिसा मागायची, कुणी कॉलरला पट्टी मागायची, कुणाला बाही आखूड हवी असायची. ते सगळे शर्ट या एका शर्टातून निघत. त्याची खरी कसोटी वेगळीच होती. वर्गात मुलाने उत्तर द्यायला हात वर केला तरी शर्ट पँटीतून बाहेर येता कामा नये, आणि हात खाली आला तर पाठीवर फुगा राहता कामा नये. "ज्याला उत्तर येतं त्या पोराचा शर्ट सुटून कसं चालेल?" असं मास्तर म्हणत. काखेतला तो एक वळसा जमवायला त्यांना तरुणपण गेलं होतं. इतर शिंप्यांनी तो साचा उसना नेऊन, आजूबाजूने पेन्सिल फिरवून पाहिली होती. त्यांच्या शर्टात मुलं हात वर करत नसत.

मामीने साचे एकेक करून मशीनमध्ये उतरवले. मास्तर शेजारी उभे राहून विचारत, "काख बरोबर आली का? त्या पेटीत दबणार तर नाही?" मामी म्हणे, "बाबा, पेटीत इस्त्री करून ठेवलीय." पडद्यावरून छापून काढलेला शर्ट त्यांनी पुठ्ठ्यावर ठेवून पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला, एका पोराला घालून हात वर करायला लावून पाहिला. पुढचा सगळा हंगाम बघितला. मग एके सकाळी सगळे पुठ्ठे खिळ्यांवरून काढले आणि रद्दीवाल्याला देऊन टाकले. मालकीणबाई धावत आल्या. "मास्तर, अहो, हे काय केलंत?"

"आता कशाला? सून आहे ना."

मामी सांगते, की लग्नात मिळालेल्या सगळ्या दागिन्यांपेक्षा हे पाच शब्द जड होते. हे ती अगदी हळू सांगते, आणि मामीचं हळू म्हणजे शेजारच्या घरात ऐकू जाईल इतकंच.

मास्तर निवृत्त झाले. पण रोज सकाळी ते कारखान्यात यायचेच. कटिंगच्या टेबलाजवळ त्यांची एक खुर्ची होती. बसत, गळ्यातली टेप सारखी करत आणि मामीला म्हणत, "उघड." मामी मूळ शर्ट उघडायची. मास्तर तो डोळे भरून बघत. "ठीक. बंद कर." मग त्यांचा अर्धा कप यायचा. इतकंच. देवळात जाणाऱ्या माणसाला जसं कुणी 'आज काय काम काढलंत?' विचारत नाही, तसं त्यांनाही कुणी विचारत नसे.

हे असंच चाललं असतं, पण मशीनची डिस्क भरली. गणवेश दर वर्षी बदलतात, शाळा बदलतात, आणि मामी काही पुसत नव्हती. मालकीणबाई म्हणाल्या, "आधी अडगळ काढा, मग नव्या कपाटाचं बघू." हजारो फाइली. एकेक उघडून ठरवायचं म्हणजे शाळा उघडून बंद झाल्या असत्या. तेव्हा मामीने ठरवलं, हे काम मशीनलाच सांगायचं. त्यासाठी एक स्क्रिप्टिंग भाषा असते, म्हणजे मशीनला कामांची चिठ्ठी लिहून द्यायची भाषा. तिचं एक जाडजूड पुस्तक मामीने आणलं. सुरुवातीची प्रकरणं तिने चाळली आणि 'हे आपल्याला येतं' म्हणून सोडून दिली.

आता, प्रत्येक फाइलबरोबर मशीन तिची कुंडली ठेवतं. फाइलीच्या आत काय आहे ते वेगळं. ही तिच्याबद्दलची माहिती. ती केवढी आहे, कुणाच्या मालकीची आहे, शेवटची कधी उघडली, शेवटची कधी बदलली, असं सगळं. आणि या भाषेत 'अमुक फाइलीची माहिती दे' म्हटलं की मशीन काय करतं? एका ओळीत तेरा आकडे टाकतं. नावं नाहीत, काही नाही. कुठला आकडा कशाचा, ते क्रमाने तुम्ही ओळखायचं.

ती ओळ पडद्यावर आली तेव्हा मामी खुर्चीतून जवळजवळ उठलीच. परक्या गावात सासरचं माणूस भेटावं तसं तिला झालं. घरी येऊन मामाला म्हणाली, "अहो, ते मशीन थेट बाबांसारखं बोलतं हो! नुसते आकडे! मला उगाच भीती वाटत होती, ही भाषा तर मला लग्नापासून येते."

तिने पुस्तकातला क्रम बघितला, बोटांवर मोजला. आठवा आकडा फाइलीचा आकार. नववा, शेवटची कधी उघडली. दहावा, शेवटची कधी बदलली. तिला हवं होतं ते उघडल्याचं. तिने लिहिलं: नऊ नंबरचा आकडा बघ, तो दोन वर्षांहून जुना असेल तर फाइल उचल आणि 'माळा' नावाच्या फोल्डरमध्ये टाक. माळा आठवडाभर ठेवून पुढच्या शनिवारी कायमचा पुसायचा, असंही ठरलं. शनिवारी सुटायच्या वेळी चिठ्ठी मशीनला दिली, मशीनने झपाट्याने काम केलं, डिस्क मोकळी झाली, मालकीणबाईंनी सगळ्यांदेखत शाबासकी दिली. मामीने ती हक्काने घेतली.

सोमवारी सकाळी मास्तर आले. बसले. टेप सारखी केली.

"उघड."

मामीने नेहमीच्या जागी बघितलं. शर्ट नव्हता. शेजारी बघितलं. नव्हता. आवाज मात्र तिने जागचा हलू दिला नाही. "एक मिनिट हं बाबा, जरा जागा बदललीय." शोधाशोध करून तिने तो उघडला, आणि पडद्याच्या वरच्या पट्टीवर, मास्तरांना लांबूनही वाचता येईल एवढ्या अक्षरात, शब्द आला: माळा.

मास्तरांना माळा माहीत होता. मामीनेच आदल्या आठवड्यात घरी जेवताना कौतुकाने सांगितला होता, जे कुणाला लागत नाही ते तिकडे.

"मी माळ्यावर काय करतोय?" मास्तर म्हणाले. शर्ट नाही, मी.

"बाबा, काहीतरी क्रमाची गडबड झालीय. मी आत्ता..."

"गडबड कशी होईल? मशीन आपल्या मनाचं काही करत नाही, असं तूच सांगतेस." ते उठले. "नाही लागत तर नाही लागत. एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नाही. सगळ्याच गोष्टींचं कधी ना कधी वय होतं."

हे त्यांनी पूर्ण वाक्यांत म्हटलं. एकामागून एक. कटिंगच्या टेबलावरच्या ताई, ज्या मास्तरांच्या हाताखाली शिकून आता त्यांच्या जागी होत्या, त्यांच्या हातातली कात्री तशीच राहिली. मास्तर चहा न घेता घरी गेले.

मामीने तिथल्या तिथे शर्ट जागेवर आणून ठेवला आणि शनिवारचं पुसणं रद्द केलं. शर्ट वाचला. पण मास्तरांना हे सांगून उपयोग नव्हता. कारण त्यांचा प्रश्न शर्ट कुठे ठेवलाय हा नव्हताच. तो अजून कुणाला लागतो का, हा होता.

मंगळवारी ते कारखान्यात गेले नाहीत. बुधवारीही नाही. टेप गळ्यातून काढून खिळ्याला टांगली होती. मामा घाबरून मामीला म्हणाला, "अगं, त्यांचा गळा मी पहिल्यांदा बघतोय. वेगळेच कुणी वाटतात." आणि बोलणं? बोलणं तर ऐकवत नव्हतं. "सूनबाई, जमत असेल तर मला अर्धा कप चहा देता का? साखर नेहमीइतकीच." मामाने तर डॉक्टरांना बोलवू का, असंच विचारलं.

मामीने दोनदा समजूत घातली. "बाबा, तुमचा शर्ट रोज वापरतात हो."

"तू चांगली आहेस, म्हणून असं बोलतेस," मास्तर म्हणाले. यावर भांडताही येईना.

तेव्हा तिने ठरवलं, समजूत घालणं पुरे, पुरावा आणायचा. ती माळ्यात शिरली आणि तिथे काय काय येऊन पडलंय ते बघू लागली. तिथे होता मुलींचा पिनो, म्हणजे ब्लाउजवर घालायचा बिनबाह्यांचा फ्रॉक, ज्याबद्दल आजवर एकाही शाळेने तक्रार केली नव्हती. तिथे होती लहान वर्गाची हाफ पँट, जिच्या शिवणीपुढे द्वाडातली द्वाड पोरंही हरली होती. कारखान्यातलं जे जे उत्तम होतं ते सगळं माळ्यावर. आणि खाली, मानाच्या जागी, काय उरलं होतं? खेळाच्या तासाची ती पँट, जी खाली बसलं की उसवायची, आणि जिची दर आठवड्याला कुणीतरी दुरुस्ती करत असे. तो रेनकोट, ज्याची टोपी डोळ्यांवर यायची म्हणून मागे सरकवली, मग मानेवर पडायची म्हणून पुढे सरकवली. जे जे म्हणून बिघडलेलं, ते सगळं मशीनने प्रेमाने सांभाळलं होतं.

(घरांतही हेच होतं म्हणा. रोज काहीतरी कुरकुर असलेल्या पोराकडे सगळ्यांचं लक्ष, आणि ज्याचं सगळं ठीक असतं त्याला जेवायला हाक मारायचं राहून जातं.)

मामीने कपाळावर हात मारला. "हे न उघडलेले नाहीत! हे न बदललेले आहेत!"

म्हणजे नऊ नंबरला उघडल्याची वेळ नव्हतीच, बदलल्याची होती. पण बोटांवर तर नववं उघडणंच येत होतं! तिने पुन्हा मोजलं. मग घरी येऊन मुकाट्याने पुस्तकाचं ते सोडून दिलेलं प्रकरण काढलं. त्यात पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की ही भाषा रांगेतल्या पहिल्याला एक म्हणत नाही, शून्य म्हणते. पहिला शून्य नंबरचा, दुसरा एक नंबरचा. मग नववा झाला आठ नंबरचा, आणि नऊ नंबरला उभा असलेला दहावा, म्हणजे बदलल्याची वेळ.

मामीने पुस्तक मिटलं आणि खिळ्यावरच्या त्या टेपकडे बघितलं, जिला शून्य नव्हतंच. आणि तिला असं हसू फुटलं की मामाला तो शर्टात अडकलेला दिवस आठवला.

"मग नवाचं आठ कर, झालं," मामा म्हणाला.

"आणि उद्या दुसरंच काही हवं असलं की पुन्हा बोटं मोजू? नको. कंबर अठरा एकदा झाली तेवढी पुरे." तिने तेच पुस्तक पुढे उलगडलं. आणि तिला सापडलं, की मशीनला नावानेही विचारता येतं. चिठ्ठीच्या माथ्यावर एक ओळ जास्त लिहायची, की तीच माहिती नुसत्या रांगेऐवजी नावं लावून मिळते. आकार हवा तर साइज म्हणायचं, बदलल्याची वेळ हवी तर एमटाइम, उघडल्याची हवी तर एटाइम. कितवा, किती, काही मोजायचं नाही. रांग तीच, फक्त प्रत्येकाच्या छातीवर आता नावाचा बिल्ला. काही मशीनवर उघडल्याची नोंद ठेवणं बंद केलेलं असतं, असंही पुस्तकात होतं. मामीने आपल्याकडे ती चालू आहे ना, ते आधी तपासलं. या वेळी एकही पान सोडलं नाही, पण हे कुणाला सांगितलंही नाही.

मामीने चिठ्ठी नव्याने लिहिली. कुठेही आकडा नाही, सगळीकडे नाव. आणि उत्तर मराठीत दिसेल अशी सोय केली, कारण ते कुणाला वाचून दाखवायचंय हे तिला पक्कं माहीत होतं.

गुरुवारी सकाळी ती मास्तरांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ही वेळ आधीपासून ठरलेली होती. दवाखान्याच्या बाकावर दोघं शेजारी शेजारी बसले, मास्तरांच्या डोळ्यांत थेंब पडले, आणि परत येताना मामीने रिक्षा कारखान्याच्या दारात थांबवली.

"इथे कशाला?" मास्तर म्हणाले.

"पाच मिनिटं. माझा डबा राहिलाय."

हात धरून तिने त्यांना आत आणलं आणि त्यांच्या खुर्चीत बसवलं. थेंबांमुळे त्यांना सगळं धूसर दिसत होतं. पण खुर्ची बुडाला ओळखू येतेच.

"बाबा, तुमच्या शर्टाची माहिती काढतेय. ऐका."

"तू नको वाचूस," मास्तर म्हणाले. "तू माझ्या बाजूची आहेस. ताई कुठे आहेत?"

"इथेच आहे की मास्तर," कटिंगच्या ताई म्हणाल्या आणि पडद्यासमोर आल्या.

"काय आकडे आलेत?"

"आकडे नाहीत, नावंच आहेत. आकार..."

"आकार राहू दे. पुढे."

"उघडला: आज, सकाळी दहा वाजून..."

"थांबा." मास्तरांनी मान मामीकडे वळवली. "हे तू आत्ता उघडून बघितलंस, म्हणून आजचं आलं."

"नाही उघडला. ही नुसती माहिती वाचतोय. डब्यावरची चिठ्ठी वाचायला झाकण काढावं लागत नाही. ताई, पुन्हा माहिती काढा. पुढे सरकली का वेळ?"

"नाही. तीच."

"पुन्हा काढा," मास्तर म्हणाले. पुन्हा काढली. तीच. त्यांनी आणखी एकदा काढायला लावली, कारण माप दोनदा जुळलं म्हणजे बरोबर असेलच असं नसतं.

"मग सकाळी येऊन उघडला असशील. मला दाखवायला."

"दहा वाजता मी कुठे होते बाबा?"

मास्तरांनी आठवलं. "माझ्या शेजारी. बाकावर. बडबडत होतीस."

"आणि तुम्ही?"

"मी ऐकत नव्हतो."

"मग उघडला कुणी?"

"अहो, मी उघडला," ताई म्हणाल्या. "नव्या शाळेचं काम आलंय, बाही लांब हवीय त्यांना. मूळ शर्टावरच घेणार ना मी? काल उघडला, परवाही उघडला. रोजच उघडते. तुम्ही खुर्चीत असता तेव्हा वहिनींना 'उघड' म्हणता, म्हणून तुम्हाला वाटतं तो तुमच्यासाठीच उघडतात. तुम्ही गेल्यावर मी दिवसभर त्याच्यावरच असते!"

मास्तरांनी कान दिला. शिवणयंत्रांचा आवाज चालू होता.

"म्हणजे मी नसलो तरी चालतं," ते म्हणाले.

"तुम्ही नसलात तरी चालतं," मामी म्हणाली. कुणीही दुसऱ्याने इथे काहीतरी गोड घातलं असतं. मामीने नाही घातलं. "तो नसला तर नाही चालत. रद्दीवाल्याला पुठ्ठे दिलेत तेव्हा हेच हवं होतं ना तुम्हाला?"

मास्तरांनी हनुवटी चोळली. मग ताईंकडे बघून, म्हणजे ताई असाव्यात त्या दिशेने बघून, विचारलं, "बदलला कधी, ते पण येतं का त्यात?"

"येतं की. बदलला..." ताई पडद्याजवळ वाकल्या. "बदलला: ज्या वर्षी वहिनींनी तो मशीनमध्ये घातला त्या वर्षी."

"आणि नंतर?"

"नंतर नाही."

"एकदाही?"

"शेवटचा तोच दाखवतोय. मी तर त्याच्यावरून नवा काढते, त्याला हात लावत नाही. हात कुठे लावायचा, ते तरी दाखवा."

मास्तर खुर्चीत मागे रेलले. त्यांचे डोळे पाणावले होते. पण ते थेंबांमुळे, असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं.

"जागाच ठेवली नव्हती," ते म्हणाले. "बदलायला."

"आता चूक कुणाची होती ते विचारा," मामी म्हणाली.

"कुणाची?"

"तुमच्या टेपची. मशीन मोजतं शून्यापासून आणि तुमची टेप सुरू होते एकपासून. त्या टेपवर शिकले मी, म्हणून उघडलेलं बघायचं सोडून बदललेलं बघत बसले. शून्य असलेली टेप घेतली असतीत तर माळ्यावर गेला नसतात."

"माझ्या टेपला नावं ठेवू नकोस," मास्तर म्हणाले. "आयुष्यात तिने एक शर्ट चुकवलेला नाही."

"एक चुकवलाय. आमच्या कपाटात आहे."

"तो तू चुकवलास."

"कंबर म्हणाला असतात तर..."

"क्रम पाठ कर," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा हात सवयीने गळ्याकडे गेला. टेप नव्हती. ती घरी खिळ्यावर होती. त्यांनी हवेतच ती सारखी केल्यासारखं केलं आणि खुर्चीत नीट सरसावून बसले. पडद्याकडे तोंड केलं. दिसत काहीच नव्हतं.

"उघड."

मामीने मूळ शर्ट उघडला. मास्तर त्या धूसर उजेडाकडे बराच वेळ बघत राहिले, काखेतला तो वळसा जिथे असायला हवा तिथे बरोबर नजर लावून.

"ठीक," ते म्हणाले. "बंद कर."

मग दाराकडे मान वळवून, साऱ्या शिवणयंत्रांच्या वर जाईल अशा जुन्या आवाजात त्यांनी हाक दिली:

"अर्धा!"

आणि पलीकडे, कुणाचा, काय, कशाचा, असं एकही अक्षर न विचारता, कुणीतरी चहा ठेवायला धावलं.